गाय माझ्या दावणीला, टॅग अजून त्याच्याच नावावर (कानातला बिल्ला, घंटागाडी आणि गावातल्या नोंदी)

दावण

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो कारण डोकं फिरलंय.

पावसाळ्याच्या तोंडाला मी एक एचएफ (होल्स्टीन) गाय घेतली. बाजारात नाही, शेजारच्या तालुक्यातल्या एका गोठ्यावरनं, ओळखीतून. दुसऱ्या वेताची, सहा महिन्यांची गाभण. चारी सडं पिळून बघितली, दात बघितले, चालवून बघितली. कानात पिवळा बिल्ला होता, बारा आकडी नंबर, म्हणलं कागद क्लिअर आहे. पैसे मोजले, गाडी भरली, घरी आल्यावर बायकोनं भाकरतुकडा ओवाळला, विषय संपला.

आता झालं काय, गाय व्याली आणि चौथ्या दिवशी मागचं उजवं सड दगडासारखं. दवाखान्यातनं डॉक्टर आले, त्यांनी मोबाईलमधे टॅगचा नंबर टाकला आणि माझ्याकडं बघून विचारतात, गाय कुणाची? म्हणलं माझी. तर स्क्रीनवर जुन्या मालकाचं नाव, त्याचं गाव, त्याचा मोबाईल नंबर आणि गाय 'गाभण नाही'. शेवटची नोंद लाळ्या खुरकुताच्या लसीची, ती पण त्याच्या गोठ्यावरची. माझ्याकडं आल्यावर एकदा लस टोचून गेले ती कुठंच नाही. म्हणजे सरकारच्या हिशोबानं गाय अजून तिकडंच चरतेय आणि मी इथं रोज जिची धार काढतोय ती कोण काय माहीत.

उपचार झाला, डॉक्टर चांगले आहेत, अडवलं नाही. पण जाताना म्हणले नाव बदलून घ्या, उद्या काही झालं तर पंचनाम्यात तुमचं नाव येणार नाही. विकणाऱ्याला फोन केला तर तो "येतो की, येतो की" करत दीड महिना झाला. त्याला काय पडलंय, पैसे मिळालेत.

कुणी असं नाव बदलून घेतलंय का? आणि मुळात हे टॅगचं प्रकरण कुणाच्या फायद्याचं आहे हेही बोला.

शंकेखोर

बसा आता. माणसाचं आधार झालं, जमिनीचं झालं, गाय राहिली होती. पुढचा नंबर कोंबडीचा.

धारोष्ण

दावणदादा, हेच माझं झालंय पण उलट्या बाजूनं. आम्ही गाय विकली आणि ती माझ्याच नावावर राहिली. ते मला कळलं कधी, तर अनुदानाच्या वेळी.

आठवत असेल, जानेवारी २०२४ मधे गायीच्या दुधाला लिटरला ५ रुपये अनुदान सुरू झालं, दूध संघानं २७ द्यायचे आणि वर सरकारचे ५. जुलैपासून ३० आणि ५ झालं, ऑक्टोबरपासून २८ आणि ७. फॅट ३.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ पाहिजे होतं, ते ठीक आहे, ते रोजचंच. पण सोबत प्रत्येक दुभत्या गायीचा टॅग नंबर, माझं आधार, माझं बँक खातं हे सगळं एकमेकांना जोडलेलं पाहिजे होतं. संकलन केंद्रावर बसून पोरगा एकेक नंबर टाकतोय आणि मी दारात उभी. तीन गायी दावणीला, नावावर चार. त्यातल्या एकीचा बिल्ला तारेच्या कुंपणात अडकून कान फाडून कधीच पडलेला. म्हणजे जी आहे तिला नंबर नाही आणि जिला नंबर आहे ती माझ्याकडं नाही!! पहिल्या दहा दिवसांचं बिल गेलं ते गेलंच. पोराचा काही दोष नाही हो, त्याला जे दिसतंय तेच तो भरणार.

आणि एक सांगते, अनुदान आल्यावर गावात जेवढे बिल्ले दोन आठवड्यांत मारले गेले तेवढे आधीच्या दोन वर्षांत मारले नव्हते. लसीसाठी मारा म्हणून गळा सुकला तेव्हा लोकं गाय लपवत होती, दूध कमी होतं म्हणून.

कासरा

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, हजारो कान टोचलेत त्यामुळे थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हा पिवळा बिल्ला अनुदानासाठी आलेला नाही. आधी तो कृत्रिम रेतन आणि दूध नोंदीसाठी होता. कुठल्या वळूचं रेत, किती दूध, कालवड कशी निघाली, हे लिहायचं तर गाय ओळखायला पाहिजे. एनडीडीबीनं (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) त्यासाठी इनाफ नावाची प्रणाली केली होती, आता तेच भारत पशुधन पोर्टलवर गेलंय. मग ११ सप्टेंबर २०१९ ला मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेला (गाभ पाडणारा रोग) या दोन रोगांसाठी. लाळ्या खुरकूत २०३० पर्यंत देशातनं घालवायचा असं उद्दिष्ट. दर सहा महिन्यांनी सगळ्या गायी म्हशींना लस, आणि ब्रुसेलाची लस फक्त मादी वासराला, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. आता सांगा, कुठल्या जनावराला टोचली, कुठलं राहिलं हे नंबराशिवाय कसं कळणार? पूर्वी आम्ही रजिस्टरला लिहायचो "पांढरी गाय १, काळी म्हैस २". पुढच्या फेरीला जावं तर काळ्या म्हशी चार.

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून सक्ती आली ती २००९ च्या प्राण्यांमधील संक्रामक रोगांच्या कायद्याचा आधार घेऊन. बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, सरकारी दवाखान्याची सेवा नाही, वीज पडून, शॉक लागून किंवा वन्य प्राण्यानं मारून जनावर गेलं तर भरपाई नाही. ग्रामपंचायतीनं विक्रीचा दाखला देताना त्यावर टॅग नंबर टाकायचा हे पण त्यातच आहे. दावण, तुम्ही दाखला घेतलात का? बहुतेक नाही. घरगुती व्यवहारात कुणीच घेत नाही.

खरी गोम इथंय. पहिल्यांदा बिल्ला मारायची मोहीम निघते, टार्गेट असतं, रोजचा आकडा वर कळवायचा असतो, फोटो असतात. विकलं, मेलं, बिल्ला पडला या तीन नोंदींची मोहीम कधीच निघत नाही. माझ्या सगळ्या नोकरीत "आज किती नोंदी खोडल्या" असं मला एकदाही कुणी विचारलं नाही.

दावण

कासरा काका, दाखला घेतला नाही हे खरं. चूक माझीच. पण दाखल्याला गेलो असतो तर ग्रामसेवक भेटायला हवेत, त्यांच्याकडं तीन गावांचा चार्ज.

वऱ्हाडी_बापू

आमच्या ब्रह्मपुरीकडचं आयका. माह्या साडूची गाय वाघानं मारली, जंगलाच्या कडेलाच, सायंकाळी परत येता येता. पंचनाम्याले लोकं आले, फोटो काहाडले, मंग म्हनते टॅग नंबर सांगा. आता वाघानं ओढत नेताना कान पुरा फाटून गेलता, बिल्ला गायब. मंग आमी चार जन टॉर्च घेऊन त्या झुडपाईत बिल्ला शोधून राह्यलो, वाघ कुठी बसला असन याचा पत्ता नाई, अन आमी पिवळं काही चमकते का पाहून राह्यलो. भेटला शेवटी, करवंदाच्या जाळीत, रक्तानं भरलेला. धुतला, नंबर वाचला, पंचनामा झाला, पैसे बी भेटले. म्हनजे टॅग कामाचा हाय, मी नाई म्हनत नाई. पन जीव मुठीत धरून शोधा लागला ना बाप्पा.

धारोष्ण

बापू, अंगावर काटा आला. नंबर आधीच कुठंतरी लिहून ठेवा हो. मी आता गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिते आणि मोबाईलमधे प्रत्येक गायीचा कानासकट फोटो ठेवलाय. विम्यावाले तर सरळ म्हणतात बिल्ला नाही तर क्लेम नाही.

मेंढका

गायीवाल्यांचं एक बरं हाय, दोन-चार जित्राबं. आमचा खांडवा (मेंढरांचा कळप) तीनशेचा. दिवाळी झाली की फलटणकडनं वाडा (मुक्काम) उचलायचा, घाट उतरून कोकणात, पाऊस लागायच्या आत माघारी. आमची खूण कानाला असतीच, कापाची. माझ्या आज्याचा काप उजव्या कानाला खालनं, चुलत्याचा शेंड्याला, दोन खांडवे मिसळले तरी अंधारात हात फिरवून आपली मेंढी ओळखती. हे बिल्ले बोराटीत, बाभळीत अडकत्यात, निम्मे तिथंच लटकत्यात. अन लावायचे म्हणलं तर कुठल्या दवाखान्यात लावू? ज्या गावात आज वाडा हाय तिथले डॉक्टर म्हणत्यात तुमच्या गावात लावा. गावात आम्ही चार महिने, तवा तिथले साहेब मोहिमेवर.

वीज पडून २०-२५ मेंढरं एका जाग्यावर जात्यात, भरपाई ४००० एका मेंढीला, तीबी पंचनामा झाला तर. बिल्ला नाही म्हणलं की तलाठ्यानं पेन खिशात ठेवलं. ती २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली एकविसावी पशुगणना, त्यात फिरत्या मेंढपाळांची वेगळी मोजणी केली म्हणं, ते मात्र बरं झालं, आधी आम्ही कुठल्याच गावाच्या यादीत नसायचो.

शंकेखोर

काप हाच खरा टॅग. सर्व्हर डाउन होत नाही.

कासरा

शंकेखोर साहेब, हसायला ठीक आहे. कापावरनं मालक कळतो, पण पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) लस टोचली की नाही ते कळत नाही. मात्र मेंढक्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, सगळी व्यवस्था गावाला बांधलेली आणि हे लोक गावाला बांधलेले नाहीत.

आणि बिल्ला अडकून कान फाटण्याबद्दल. निम्मा दोष मारणाऱ्याचा असतो. कानाच्या मधोमध, दोन जाड शिरांच्या मधल्या जागेत बसला पाहिजे. टोकाला मारला की लोंबतो आणि अडकतो, शिरेवर मारला की रक्त थांबत नाही. दिवसाला शंभर कान उरकायचे असले की हात कुठं पडतो ते विचारू नका. मी पण मारलेत तसे, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात मारला आणि जखमेकडं बघितलं नाही तर कानात किडे पडतात आणि मग माणूस सगळ्या गावाला सांगत सुटतो की सरकारच्या बिल्ल्यानं गाय नासली.

टेम्स_काठचा

मी इंग्लंडमधे आहे, डेअरी फार्मसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममधे, म्हणून रोज हेच बघतो. इथे गायीला दोन्ही कानांत बिल्ला लागतो, एक पडला तरी दुसरा राहतो. आणि गायीला चक्क पासपोर्ट असतो, १९९६ पासून, मॅड काऊच्या (गायींच्या मेंदूचा रोग) गोंधळानंतर आला तो. दूधवाल्या गोठ्यात वासरू जन्मलं की ३६ तासांत पहिला बिल्ला आणि २७ दिवसांत नोंद. पण मुख्य फरक असा की जनावर एका फार्मवरून दुसरीकडे गेलं की तीन दिवसांत शेतकऱ्याने स्वतःच कळवायचं, देणाऱ्याने पण आणि घेणाऱ्याने पण. मेलं तर सात दिवसांत. म्हणजे दावण यांच्या केसमधे तो विकणारा "येतो की" म्हणत बसला असता तर पुढच्या वेळी त्याचंच जनावर अडकलं असतं.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २००१ मधे इथे लाळ्या खुरकूत आला तेव्हा ६० लाखांवर जनावरं मारून टाकली. मेंढ्यांची तेव्हा एकेकीची नोंद नव्हती, बाजारातून कुठे कुठे गेल्या ते शोधेपर्यंत रोग पुढे. मेंढ्यांना इलेक्ट्रॉनिक बिल्ला त्यानंतर आला, २०१० पासून.

शंकेखोर

तिकडं दोनशे गायींचा एक मालक. इकडं दोन गायींचे शंभर मालक. तुलना कशी करायची?

टेम्स_काठचा

मान्य. पण दोन गायींवाल्याच्या हातात पण आता मोबाईल आहे ना. विक्रीची नोंद दोघांनी आपापल्या फोनवरून केली तर कुणाचं काय बिघडतं?

कासरा

बिघडत काही नाही. पण फोन पोराच्या हातात, पोरगं पुण्यात, पोर्टलवर नंबर नोंदवलाय तो आजोबांचा आणि आजोबांनी रिचार्ज मारलेला नाही. ही पण एक बाजू.

भाकडखाना

सगळे दुभत्या गायीवर बोलताय. भाकड गायीचं आणि बैलाचं बोला की. २०१५ ला गोवंश हत्याबंदी कायदा बैल, वळूलाही लागू झाला. ट्रॅक्टरनं बैल बसवला, विकत कोण घेणार, बाजारात नेला तर रस्त्यात दहा जण अडवणार, कागद असले तरी. ठेवला तर रोजचा चारा. मग रात्री कुठंतरी लांब नेऊन सोडून येतात. आणि सोडताना काय करतात माहिताय? बिल्ला कापून घेतात. आमच्या हायवेच्या चौकात संध्याकाळी बसलेली जनावरं जवळून बघा, कितीतरी जणांच्या कानाला मधोमध उभी चीर आहे, बिल्ल्याएवढी. नंबरामुळे मालक सापडतो हे लोकांना बरोब्बर कळलंय, म्हणून नंबर आधी जातो.

हे लिहिताना मलाच लाज वाटतेय, कारण आमच्या भावकीतल्या एकानं केलंय हे.

वॉर्ड_क्र_३

हा मुद्दा निघाला म्हणून लिहिते, मी ग्रामपंचायत सदस्य आहे, पहिलीच टर्म. ही सोडलेली जनावरं येतात कुठं तर आमच्या कचऱ्याच्या ढिगावर. पूर्वी कोंडवाडा होता, इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातला, आता त्याच्या भिंती पण राहिल्या नाहीत, तिथं समाजमंदिर झालं.

आता कचऱ्याचं ऐका. ओला सुका वेगळा करा हे २०१६ च्या नियमापासून आहेच. गावाला पैसे किती तर स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८०. आमचं गाव ३२०० चं. म्हणजे कचऱ्याला १ लाख ९२ हजार आणि सांडपाण्याला ८ लाख ९६ हजार. कचऱ्याच्या पैशात पत्र्याचं शेड झालं, प्लास्टिकचे डबे वाटले हिरवा आणि निळा, आणि एक तीनचाकी गाडी. वाटपाच्या दिवशी मंडप, हार, फोटो सगळं झालं. गाडी ओढणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार मात्र त्यात कुठंच बसत नाही!! पंधराव्या वित्त आयोगाचे बंधित (ठरल्या कामालाच वापरायचे) पैसे होते, स्वच्छतेला ३० टक्के, त्यातनं ओढाताण करून भागवलं, नाहीतर पाणीपट्टी घरपट्टी वसूल झाली तर. घंटागाडी आठवड्यातनं दोनदा फिरते, ती पण दिवाळीपर्यंत फिरली, मग टायर बसला.

आणि खरं सांगू का, खेड्यात ओल्या कचऱ्याचा प्रश्नच नाही. भाकरीचा तुकडा, भाजीचं देठ, शिळं कालवण हे गोठ्यात जातं, उरलेलं उकिरड्यात, वर्षाला शेतात. हिरव्या डब्यात बायका पीठ, जोंधळं भरून ठेवतात, मी पण ठेवलंय. प्रश्न सुक्याचा आहे. त्यातलं पण दुधाच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या, बाटल्या, पुठ्ठा, लोखंड भंगारवाला दारात येऊन घेतो, त्याला कुठलं सरकारी अभियान लागत नाही. राहतं काय तर गुटख्याच्या पुड्या, शांपूचे पाऊच, कुरकुऱ्याची पाकिटं, मल्चिंगचा फाटका कागद आणि लहान पोरांचे डायपर. ते कुणीच घेत नाही. ते ओढ्यात. आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या बांधावर, त्या तर कुठल्या डब्यात टाकायच्या हे पण कुणी सांगितलेलं नाही.

शंकेखोर

हिरव्या डब्यात पीठ, हे या धाग्यातलं सगळ्यात खरं वाक्य.

वॉर्ड_क्र_३

हसा. झाकण घट्ट बसतं हो, किडे होत नाहीत.

कासरा

वॉर्ड ताईंनी विषय बरोबर जोडला. पोट फुगलेली, रवंथ बंद झालेली, हाडं वर आलेली गाय येते, मालक म्हणतो भरपूर खाते पण अंगाला लागत नाही. डाव्या कुशीवर मूठ दाबली की कणकेत दाबल्यासारखं लागतं. कोठीपोट उघडलं की आत हात घालून मी मदतनीस म्हणून ते ओढलेलं आहे, एकात एक गुंतलेल्या पिशव्यांचा पीळ, दोरीसारखा, संपतच नाही. खांद्यापर्यंत हात आत. त्यात नायलॉनची दोरी, भाजीच्या पिशव्या, एकदा तर चपलेचा पट्टा. शिळं अन्न पिशवीत गाठ मारून फेकतात ना, गाय गाठ सोडत बसत नाही, पिशवीसकट गिळते. तार किंवा खिळा असेल तर तो पुढच्या जाळीपोटात अडकतो आणि तिथनं काळजाला टोचतो, मग गाय वाचत नाही.

गंमत अशी की ऑपरेशनची नोंद त्या बारा आकड्यांवर करता येते. पिशवी कुणाची होती त्याची नोंद नाही.

टेम्स_काठचा

खरं तर पिशवीवर पण नाव पाहिजे. २०१६ च्या प्लास्टिकच्या नियमात कॅरीबॅगवर उत्पादकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी छापायची असं आहे. २०२२ च्या डिसेंबर अखेरपासून १२० मायक्रॉनच्या खालची पिशवी चालत नाही.

वॉर्ड_क्र_३

आमच्या बाजारच्या दिवशी या आणि एक तरी नाव छापलेली पिशवी दाखवा. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे म्हणतात. पहिले दोन महिने कापडी पिशव्या घेऊन लोकं गेली पण. मग पथक यायचं बंद झालं.

उकिरडा

मी जुन्या पिढीतला. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री होते तेव्हा. आमच्या गावानं तालुक्यात नंबर काढला होता. महिनाभर सगळं गाव हातात खराटा घेऊन, भिंतींना गेरू, उकिरडे गावाबाहेर, तपासणी समिती आली त्या दिवशी रस्त्यावर जेवायला बसावं इतकं स्वच्छ. बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी समिती येणार नव्हती, तर उकिरडे हळूहळू परत आले. तेव्हा कचरा म्हणजे शेण आणि पाचट होतं म्हणून चाललं. आता तसं नाही.

दावण यांच्या टॅगचं आणि याचं मला एकच दिसतं, सुरुवातीला माणसं खूप असतात.

वऱ्हाडी_बापू

उकिरडा भाऊ, हाव ना. आमच्या गावात डब्बे वाटाले सायेब आले, टॅग माराले सायेब आले, आता डब्बा फुटला अन टॅग पडला, तवापासून कोनी दिसले नाई.

दावण

अपडेट देतो. शेवटी मीच शनिवारी मोटारसायकल घेऊन त्याच्या गोठ्यावर गेलो, त्याला मागं बसवला, वाटेत चहा पाजला आणि दवाखान्यात घेऊन गेलो. काम किती वेळाचं? दहा मिनिटांचं. दोघांचे आधार, त्याचा होकार, नाव बदललं, गाव बदललं. माझ्याकडची लस डॉक्टरांनी त्यांच्या वहीत सापडवून तारखेसकट चढवली. दहा मिनिटांसाठी दीड महिना. गडी वाईट नाही, त्याला वाटत होतं सही केली की मी काहीतरी भरपाई मागीन सडाची.

सड वाचलं नाही, तीन सडांवर चाललीय.

विचारणाऱ्यांसाठी: बाजारातनं घ्या नाहीतर गोठ्यावरनं, राहिलेले पाच-दहा हजार नाव बदलल्यावरच द्या. मी आता तसंच करणार.

आणि तिथं बसलो असताना डॉक्टरांनी माझ्या नावावरची यादी काढली. आम्ही दोघंही गप्प. माझी कपिली, २०२२ ला लम्पीत गेली. गाठी अंगभर, पाय सुजलेले, नववा दिवस काढला नाही. पंचनामा झाला, ३० हजार खात्यावर आले, गावाबाहेर खड्डा काढून चुना टाकून पुरली. त्या यादीत ती पहिल्या नंबरला, जिवंत, पाचव्या वेताची. भरपाई देणाऱ्या खात्यानं मेली म्हणून पैसे दिले आणि त्याच खात्याच्या यादीत ती दूध देतेय. डॉक्टर म्हणले मयत नोंद टाकतो, सोमवारी टॅग नंबर घेऊन या. टॅग आहे माझ्याकडं, गोठ्यात खुंटीला अडकवलाय, बायकोनं काढू दिला नाही इतके दिवस.

या गायीला आता झालेल्या कालवडीला ब्रुसेलाची लस चार महिन्यांनी ना काका? तेव्हाच बिल्ला मारून घेतो.

धारोष्ण

नाव काय ठेवलं कालवडीचं?

दावण

पोरगी कपिलीच म्हणतेय. मी अजून हो म्हणलेलं नाही.

कासरा

हो, चार महिने पुरे झाले की लगेच, आठच्या पुढं जाऊ देऊ नका. थंडीत येतंय ते चांगलं, माशा कमी असतात, तरी आठवडाभर कानाला रोज बघा.

आणि सोमवारी जाल तेव्हा मयत नोंदीला तारीख पंचनाम्याचीच टाकायला सांगा, त्या दिवशीची नको. नाहीतर एवढी वर्षं गाय जिवंत होती मग दर सहा महिन्याला लस का टोचली नाही म्हणून तिथल्या पर्यवेक्षकाला खुलासा मागतील. मी दिलेत तसले दोन.